समोरच्याच्या पाठीमागे

"ह्या काकांना माझ्या पाठीमागून हलवा ना," पाहुण्या शाळेचा मुलगा म्हणाला, आणि घड्याळ थांबवून त्याने पंचांसाठी हात वर केला.

सभागृहात पन्नासेक माणसे होती, पण खुर्ची कुरकुरली तरी दचकायला व्हावे इतकी शांतता होती. त्यामुळे ते वाक्य पार मागच्या रांगेपर्यंत पोचले. आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी होती. चार पटांपैकी तीन पटांचे निकाल लागले होते. एक डाव पाहुण्यांनी घेतला होता, एक यजमान शाळेने, एक बरोबरीत सुटला होता. चषक कुणाकडे जायचा हे आता पहिल्या पटावर ठरणार होते, आणि पहिल्या पटावर यजमान शाळेकडून सातवीतली मुंगी खेळत होती. मुंगी हे तिचे क्लबातले नाव. आकाराने लहान, चालीने हळू, आणि एकदा एखाद्या प्याद्याला चिकटली की सुटायची नाही.

मुंगीच्या क्लबाच्या सरांनी मागे वळून पाहिले. मुलाच्या पाठीमागे त्यांच्याशिवाय दुसरे कुणीच नव्हते.

"मला म्हणतोस, बाळ?"

मुलाने त्यांच्याकडे पाहिले नाही. पंच जवळ आले, तेव्हा तो त्यांनाच म्हणाला, "हे काका तिला खेळ्या सांगतात."

"मी?" सर हसलेच. "अरे, मी एक अक्षर बोललो नाही."

"बोलत नाहीत. हातांनी सांगतात." मुलाचा आवाज कापत होता, पण शब्द एकेक सुटा येत होता. "ती सोंगटीवर हात नेते, लावत नाही, आणि यांच्याकडे बघते. मग ठरवते. गेल्या वर्षीपण असंच होतं."

सरांचे हात नेहमीसारखे छातीवर घडी घालून होते. त्यांनी खाली मान घालून त्या हातांकडे पाहिले आणि घडी सोडली. सोडल्यावर हातांचे काय करायचे ते त्यांना सुचेना.

अठ्ठावीस वर्षे ते ह्या शाळेत प्रयोगशाळेचे सहायक होते. परीक्षानळ्या धुवायच्या, बर्नरच्या नळ्या तपासायच्या, आम्लांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, तासाआधी टेबले मांडायची आणि तासानंतर पुसायची. सगळी शाळा त्यांना लॅबकाका म्हणे. शिक्षकही म्हणत. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेच्या त्याच टेबलांवर बारा पट मांडले की पुढचे दोन तास ते सर असत. एकोणीस वर्षांपूर्वी बुद्धिबळ क्लब चालवायला कुणी शिक्षक तयार होईना, म्हणून मुख्याध्यापिकांनी तो त्यांच्या गळ्यात मारला होता, आणि त्यांनी तो जिवापाड जपला होता.

खेळ ते बरा शिकवत. पण आसपासच्या शाळांत त्यांचे नाव होते ते रीतीसाठी. डावाआधी हात मिळवायचा आणि मिळवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे. हरल्यावर पटावर रडायचे नाही, जिंकल्यावर पटावर हसायचे नाही, दोन्हींसाठी बाहेर व्हरांडा आहे. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, म्हणून हात पुढे गेला तरी सोंगटीच्या दोन बोटे वर थांबवायचा, एक श्वास घ्यायचा, मग लावायचा. आणि डाव बघायला उभे राहायचे ते नेहमी समोरच्या खेळाडूच्या पाठीमागे. पाहुण्याच्या तोंडाकडे टक लावून बघणे हा सरांच्या मते उद्धटपणा होता. गेली कित्येक वर्षे स्पर्धा सुरू होण्याआधी चार शब्द बोलायला पंच त्यांनाच उभे करत. आज सकाळीही केले होते.

म्हणूनच पंच अवघडले. ते निवृत्त गणिताचे शिक्षक होते, कानाला यंत्र लावत. "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ते हळूच म्हणाले. "पोरगं घाबरलंय. तुम्ही जरा खिडकीपाशी उभे राहा, म्हणजे झालं."

पण सर हलले नाहीत. असे मुकाट्याने बाजूला होणे म्हणजे कबूल करण्यासारखे होते.

"नाही साहेब. असं कसं?" ते पंचांना म्हणाले. "मुलं आहेत ना माझी इथे. त्यांनाच विचारू." ते वळले. क्लबाची मुले भिंतीकडच्या बाकांवर ओळीने बसली होती. "सांगा रे. मी कधी कुणाला एक तरी खेळी सांगितली आहे? सामना चालू असताना? बोला, घाबरू नका."

कुणी बोलले नाही.

सरांना वाटले, मुले बुजली. पाहुण्यांसमोर बोलायची सवय नाही. आठवीतला एक मुलगा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. त्याच्या शेजारच्याने दप्तर उघडले आणि त्यात तोंड घातले. दोन मुली एकमेकींकडे बघत होत्या आणि त्यांचे चेहरे लाल झाले होते.

"मुंगी, तू सांग बेटा. तूच खेळते आहेस. सांग यांना."

मुंगीने मान वर केली. ती सरांकडे बघत राहिली. मग तिने पटाकडे पाहिले. तिच्याकडे एक अख्खा हत्ती जास्त होता, समोरचा राजा कोपऱ्यात कोंडला होता, पाच-सहा खेळ्यांचे काम उरले होते. तिने दोन बोटांनी आपला राजा आडवा केला. लाकडावर लाकूड टेकल्याचा एवढासा आवाज झाला.

"मी डाव सोडला," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

त्या मुलाला काहीच कळेना. तो तिच्या हाताकडे नुसता बघत बसला. शेवटी पंचांनीच त्याला खांद्याला स्पर्श करून भानावर आणले.

चषक पाहुण्यांना मिळाला. सर टाळ्या वाजवायला उभे राहिले, कारण तशी रीत होती. आपल्या हातांतून आवाज येतोय हे त्यांना कळत होते, पण ते हात आपले नाहीत असे वाटत होते.

सभागृह रिकामे झाल्यावर ते प्रयोगशाळेत आले आणि नळ सोडून परीक्षानळ्या धुवायला लागले. नळ्या आदल्याच दिवशी धुतलेल्या होत्या. दारात कुणीतरी उभे असल्याचे त्यांना बऱ्याच वेळाने जाणवले.

"सर, येऊ?"

"ये." ते वळले नाहीत. "तू जिंकत होतीस, मुंगी."

"हो सर."

"मग हे काय केलंस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर 'सांग' म्हणालात." ती दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. "मला खोटं सांगता येईना. आणि खरं सांगितलं असतं तर तुम्हालाच बोलले असते सगळे. म्हणून डाव सोडला."

सरांच्या हातातली नळी बेसिनच्या कडेवर आपटली. फुटली नाही.

"कसलं खरं?"

"ते हाताचं."

"म्हणजे काय? कोणतं हाताचं?"

हे आपली गंमत तर करत नाहीत ना, अशा नजरेने मुंगीने त्यांच्याकडे पाहिले. मग तिने कपाटातून एक पट काढला, टेबलावर पसरला आणि भराभर सोंगट्या मांडल्या. डाव तोच, मघाचा. हात पुसत सर बघत राहिले.

"तुम्ही तिकडे उभे राहा, सर. नेहमीसारखे. घडी घालून."

ते तिच्यासमोर रिकाम्या स्टुलामागे उभे राहिले आणि घडी घातली. उजव्या हाताची बोटे डाव्या दंडावर. मनात म्हणाले, बघू या काय ते. दगडासारखा उभा राहतो.

मुंगीने हात घोड्यावर नेला आणि दोन बोटे वर थांबवला. घोडा चुकीचा होता. घोडा हलला की उंट फुकट जात होता, हे सरांना दिसले, आणि त्याच क्षणी त्यांना आपल्या दंडात काहीतरी रुतल्यासारखे झाले. ती त्यांचीच बोटे होती. त्यांनी ती जोर लावून सैल केली. मुंगीने हात हत्तीवर नेला. हत्ती बरोबर होता. छातीतला अडकलेला श्वास सुटला, खांदे खाली आले, कोपरे उतरली. त्यांनी काहीही केले नव्हते. सगळे आपोआप झाले होते.

"पुन्हा," ते म्हणाले.

तिने पुन्हा केले. वजीर, चुकीचा. त्यांनी दात आवळून बोटे मोकळी ठेवली, तर अंगठा दंडाच्या आतल्या बाजूने रुतला. प्यादे, बरोबर. सैल.

"पुन्हा."

"सर, पुरे ना."

ते स्टुलावर बसले. कपाळाला घाम आला होता. "कधी लक्षात आलं तुझ्या?"

"माझ्या नाही आलं. क्लबात आलं की पहिल्या आठवड्यातच सांगतात. मला आठवीच्या दादाने सांगितलं. त्याला त्याच्या आधीच्या ताईने." ती थांबली. "सगळ्यांना माहीत असतं, सर. आम्हाला वाटायचं, तुम्हालापण माहीत आहे."

"मला?"

"म्हणजे तुम्ही मुद्दाम करता. दोन बोटं वर थांबा, श्वास घ्या, हे त्यासाठीच शिकवता, असं सगळे म्हणतात." तिचे डोळे आता भरून आले. "तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

सरांनी नाही म्हणून मान हलवली.

घरी जाताना त्यांनी नेहमीचे वळण चुकवले आणि दोन गल्ल्या उगाच जास्त चालले. एकोणीस वर्षांत क्लबात किती मुले आली असतील, त्याचा ते हिशेब मांडत होते. दीडशे? दोनशे? ती सगळी मोठी होऊन ठिकठिकाणी कामाला लागली होती. रस्त्यात भेटली की वाकून 'सर' म्हणत. त्या प्रत्येकाच्या मनात आपण कोण होतो? मुलांना सचोटी शिकवता शिकवता डोळ्यांदेखत लबाडी करणारा माणूस. आणि तरीही ती वाकत होती.

घराच्या दाराशी त्यांना आठवले, की आपली मुलगीही तीन वर्षे क्लबात होती.

मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचे काम करी. नुकतीच कामावरून आली होती आणि आईबरोबर टेबलाशी मटार सोलत होती. सरांनी चपला काढल्या, पिशवी ठेवली आणि उभ्याउभ्याच विचारले, "माझ्या हातांचं तुला माहीत होतं?"

तिने कसल्या हातांचे म्हणून विचारले नाही. तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आज कुणी बोललं का, बाबा?"

"म्हणजे होतं माहीत."

"बसा ना आधी."

"कसले हात? काय झालंय?" बायको म्हणाली. "कुठे भाजलं बिजलं का?"

"बारा वर्षं झाली तुला क्लब सोडून," सर मुलीला म्हणाले. "एका शब्दाने बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? बाबा, तुम्ही फसवता, असं म्हणायचं होतं मी तुम्हाला?" मुलीचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "नववीत मी तो एक चषक जिंकले ना, तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं. मी रात्री अंथरुणात रडले होते. मला कळेचना की डाव मी खेळले की तुम्ही. म्हणून सोडला मी खेळ."

"तू अभ्यासासाठी सोडलास."

"असं मी सांगितलं."

सरांनी खुर्चीची पाठ धरली. "तुला वाटलं, मी जाणूनबुजून करतो? तुझा बाप? घरात एवढी वर्षं बघितलंस मला. दुकानदाराने चुकून दोन नाणी जास्त दिली तर उन्हातून परत जाणारा माणूस मी."

"म्हणूनच तर." ती आता सरळ त्यांच्याकडे बघत होती. "मला वाटायचं, माणसाचं एखादं असतं असं. आणि तुमच्याकडे तेवढं एकच तर होतं, बाबा. त्या दोन दिवसांचं सर असणं. ते मी कसं काढून घेणार होते?"

सगळ्या दिवसात ह्या वाक्याइतका मुका मार सरांना दुसऱ्या कशानेच बसला नाही. नुसते लबाड समजली असती, तर ते भांडले असते. पण आपल्या लेकीने बारा वर्षे आपली कीव केली होती, आणि प्रेमाने केली होती. ह्याच्याशी भांडायचे कसे? ते खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी परात पुढे ओढून एक शेंग उचलली आणि सोलायला लागले. तिघेही मटार संपेपर्यंत तसेच बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन पानी पत्र लिहून मुख्याध्यापिकांपुढे ठेवले. आयोजक मंडळाला पाठवायचे होते. बाईंनी उभ्याउभ्या वाचले, मग बसून पुन्हा वाचले.

"लॅबकाका, अहो, डाव संपला, चषक गेला, विषय मिटला. आता हे कशाला उकरून काढताय?"

"कार्यालयाबाहेरच्या कपाटात आपले नऊ चषक आहेत, बाई."

"असू द्यात की. कुणी लेखी तक्रार केली आहे का?"

"नाही."

"तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"नाही. पण झालं ते माझ्या हातूनच."

"मग कशाला जीव जाळताय? शाळेचं नाव आहे त्यात." त्यांनी पत्र खणात टाकले आणि खण लावून घेतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती. सरांनी अठ्ठावीस वर्षांत वरिष्ठांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्या दुपारी प्रयोगशाळेत बसून त्यांनी आठवून आठवून तेच पत्र पुन्हा लिहिले आणि स्वतः जाऊन टपालात टाकले.

उत्तर बारा दिवसांनी आले. दोनच ओळी होत्या. जुने निकाल बदलण्याची तरतूद नाही. आपल्या प्रामाणिकपणाचे मंडळाला कौतुक वाटते. सरांनी काहीही सोसायची तयारी ठेवली होती, बोलणी, बंदी, वर्तमानपत्रात नाव. कौतुकाची मात्र ठेवली नव्हती. त्यांनी कागदाची घडी केली आणि ती पिशवीत ठेवली. चषक कपाटात होते तसेच राहिले.

त्या शनिवारी ते पाहुण्या शाळेत गेले. तिथला क्लब चित्रकलेचे शिक्षक चालवत. गोल चेहऱ्याचे, हसरे गृहस्थ. सरांना दारात बघून ते धावतच पुढे आले. "या या सर! अहो, त्या दिवशी मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. त्या रडक्याला चांगला झापलाय मी."

"रडका?"

"तोच हो, पहिल्या पटावरचा. गेल्या वर्षी शेजारच्या पटावर होता. तेव्हाही घरी परतताना बसमध्ये हेच तुणतुणं. ते सर हातांनी सांगतात म्हणे. मी म्हटलं, अरे, त्यांच्याकडून खेळाची रीत शिकायची सोडून त्यांच्यावरच आळ घेतोस? हरलास की कारणं शोधतोस. तेव्हापासून पोरं रडका म्हणतात त्याला."

सर उभ्या जागी गार पडले. म्हणजे एक वर्ष. आपल्या चांगल्या नावाच्या आधारावर ह्या पोराला वर्षभर खोटे पाडले गेले होते, आणि तेही त्याच्याच वर्गात, त्याच्याच माणसांकडून.

"मुलं आत आहेत का?" त्यांनी विचारले. "सगळी?"

वर्गात पंधरा-वीस मुले होती. तो मुलगा खिडकीजवळ एकटाच सोंगट्या मांडत होता. सरांना बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. आणखी एकदा बोलणी खायची वेळ आली, असे त्याला वाटले असावे. सर फळ्यापुढे उभे राहिले. वाटेत त्यांनी वाक्ये जुळवून ठेवली होती, पण त्यातले एकही आठवेना.

"त्या दिवशी ह्याने जे सांगितलं," ते बोट न रोखता, हाताने त्या मुलाकडे दाखवत म्हणाले, "ते खरं होतं. गेल्या वर्षी सांगितलं तेही खरं होतं. माझ्या हातांवरून आमच्या मुलांना खेळ्या कळत होत्या. मला ते माहीत नव्हतं, पण ह्याला दिसलं. मोठ्या माणसांना दिसलं नाही ते ह्याला दिसलं, आणि त्याने भर सभागृहात सांगितलं. मला जमलं नसतं." ते थांबले. "बाळ, माझ्यामुळे तुला लोकांनी नावं ठेवली. माझी चूक झाली. मला माफ कर."

कुणीतरी पेन्सिल खाली पाडली. चित्रकलेचे सर तोंड अर्धे उघडे टाकून भिंतीला टेकले होते. मुलगा बुटांकडे बघत राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"पण ती तर स्वतःच हरली ना," तो शेवटी पुटपुटला. "मी जिंकलो नाही तो डाव. माझा हत्ती गेला होता."

"तिलाच सांग ते," सर म्हणाले. "भेटेल पुढच्या वेळी. मी असणार नाही तिथे."

परत आल्यावर त्यांनी आपल्या क्लबालाही सगळे सांगितले. मला माहीत नव्हतं, तुम्हाला वाटलं मी मुद्दाम करतो, आणि तरी तुम्ही मला सर म्हणत राहिलात, ह्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, असे म्हणाले. यापुढे स्पर्धेला तुमच्याबरोबर येईन, पण आत पाऊल टाकणार नाही. दोन मुलांनी पुढच्या आठवड्यात क्लब सोडला. एकाच्या वडिलांनी चिठ्ठी पाठवली, की जिंकायचेच नसेल तर वेळ कशाला घालवायचा. सरांनी ती चिठ्ठी खिशात घातली, आणि मंगळवारी राहिलेल्या मुलांसाठी बाराऐवजी अकरा पट मांडले.

पुढच्या सत्रातली पहिली स्पर्धा दूरच्या शाळेत होती. सर मुलांना दारापर्यंत सोडून आले आणि मैदानाच्या कडेला, बस उभी होती तिथे, एका सिमेंटच्या बाकावर बसले. तीन तास बसले. आत कोण काय खेळतेय, कोण पुढे आहे, काही कळायला मार्ग नव्हता. एकदा खिडकीतून टाळ्यांचा आवाज आला. कुणासाठी, कोण जाणे. ड्रायव्हर बसच्या पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. "आत जा की हो सर," तो दोनदा म्हणाला. दुसऱ्या वेळी सरांनी नुसते हसून दाखवले.

दुपारी मुले बाहेर आली. चार पटांपैकी तीन गेले होते, चौथा बरोबरीत. चेहऱ्यांवरूनच कळत होते. ती बाकाभोवती येऊन उभी राहिली. मुंगी सगळ्यांत शेवटी आली. आज पटावर तिच्यासमोर पाहुण्या शाळेचा तोच मुलगा होता.

"हरले," ती म्हणाली.

"कशी?" सरांनी विचारले.

"घोडा अडकला माझा. मी तो आत घातला आणि मग..." ती खाली उकिडवी बसली आणि काटकीने मातीत चौकोन आखायला लागली. "हे बघा, इथे त्याचा वजीर होता. इथे माझा राजा."

"नाही गं, तुझा राजा इकडे होता," आठवीतला मुलगा म्हणाला. "मी बघितलंय."

"तू कुठे बघत होतास? तुझाच डाव बुडत होता."

"माझा नंतर बुडाला."

सगळी एकदम बोलायला लागली. सर बाकावरून पुढे झुकले. त्यांनी तो डाव बघितला नव्हता. पुढे काय झाले हे त्यांना खरोखरच माहीत नव्हते.

"थांबा, एकेक जण," ते म्हणाले. "घोडा आत घातलास. मग त्याने काय केलं?"

बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. ड्रायव्हर खिडकीतून मान काढून घड्याळ दाखवत होता.

"थांबा हो जरा!" सर मागे न बघता ओरडले. "अजून हिचा घोडा अडकलाय."

ड्रायव्हरने क्षणभर त्या मातीवर वाकलेल्या डोक्यांकडे पाहिले, इंजिन बंद केले आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडले.